धूम्रपान आणि जुनाट कंबरदुखी : एका गृहीतकाची परीक्षा

धूम्रपानाने जुनाट कंबरदुखी जडते, हे विधान आता इतक्या निःशंकपणे केले जाते की, त्यामागील पुरावा तपासण्याची गरज सहसा कोणास भासत नाही. वास्तविक हा पुरावा एकमुखी नाही. शार्लोट लेबफ-इडे यांनी १९९९ साली ४७ पाहण्यांचा परामर्श घेऊन धूम्रपानास फार तर दुर्बल सूचक म्हणता येईल, कारण म्हणता येणार नाही, असा निष्कर्ष काढला. रहमान शिरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ४० अभ्यासांचे आकडे एकत्र केले, तेव्हा धूम्रपान करणाऱ्यांत जुनाट कंबरदुखीचे शक्यता-गुणोत्तर १.७९ भरले. आकडा उपेक्षणीय नव्हे; परंतु साहचर्य दिसणे आणि कार्यकारणभाव सिद्ध होणे यांतील अंतर त्याने मिटत नाही. दुखणे सोसवेना म्हणून विडी पेटविणारा मनुष्यही याच गणतीत मोडतो.

फिनलंडमधील एकसदृश जुळ्यांचा पुरावा अधिक वजनदार आहे. एक भाऊ भरपूर धूम्रपान करणारा व दुसरा जवळजवळ न करणारा, अशा २० जोड्यांच्या कमरेच्या मणक्यांतील चकत्या मिशेल बॅटी आदींनी १९९१ मध्ये तपासल्या. धूम्रपान करणाऱ्यांत झीज सरासरी १८ टक्के अधिक आढळली. आनुवंशिकतेचा आक्षेप येथे बराचसा निकालात निघतो. तथापि चकतीची झीज म्हणजे वेदना नव्हे. झीज असूनही ज्यांस कधी दुखत नाही अशी माणसे विपुल आहेत, आणि नेमकी हीच पायरी अनेक लेखक गुपचूप ओलांडतात.

उपपत्तीतही असाच सैलपणा आहे. प्रौढाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण लगतच्या मणक्यांतून झिरपून होते. निकोटिनाने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावून हे पोषण तुटते, हा एक तर्क. धुरातील कार्बन मोनॉक्साइडने प्राणवायू घटतो व खोकल्याने चकतीवर दाब पडतो, हा दुसरा. दोन्ही तर्क एका दमात सांगितले जातात, परंतु त्यांचे परिणाम भिन्न आहेत. दोष निकोटिनाचा असेल तर तंबाखू मळून दाढेखाली धरणारा पुरुष व मिश्री लावणारी स्त्री यांसही तोच धोका. धुराचा असेल तर नाही.

महाराष्ट्रात हा भेद निर्णायक ठरतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीत येथील प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे, तर २४.४ टक्के धूरविरहित तंबाखू सेवन करणारे आढळले. पाश्चात्त्य प्रश्नावली जशीच्या तशी वापरल्यास तंबाखू खाणारे बहुसंख्य लोक ‘धूम्रपान न करणारे’ म्हणून निरोगी तुलनागटात जाऊन बसतात. निकोटिन दोषी असल्यास दोन गटांतील फरक त्यामुळे आपोआप घटेल, आणि संशोधक त्यास संबंधाचा अभाव समजेल.

पनवेलीस तर आणखी एक गुंता आहे. कळंबोलीच्या पोलाद बाजारातील माथाडी आणि न्हावा-शेवा बंदराकडे ट्रेलर हाकणारे चालक यांची कंबर ओझ्याने व हादऱ्यांनीच झिजते. तंबाखूची सवयही अशा श्रमांच्या सोबतीने येते. ‘शारीरिक काम : होय की नाही’ एवढ्या नोंदीने हा गुंता सुटत नाही. ओझे किती, दिवसाकाठी बैठक किती तास, तंबाखू कोणत्या रूपात व किती वर्षे, आणि मुख्य म्हणजे दुखणे आधी की सवय आधी, या नोंदी रुग्णपत्रिकेत असल्याखेरीज पनवेलीतील पाहणीस धूर व निकोटिन यांतील वादावर बोलण्याचा अधिकार पोहोचत नाही.