सावंतवाडीचा लाकडी आंबा, अंध बाळाच्या हातात

'अंध बालकांच्या सूक्ष्म कारक कौशल्यांवर खेळण्यांचा परिणाम' असा विषय पीएच.डी.साठी बरेच जण घेतात. सूक्ष्म कारक कौशल्यं म्हणजे बोटांची बारीक कामं: चिमटीत धरणं, फिरवणं, ओवणं, दाबणं. विषय चांगलाच आहे. माझी तक्रार आहे ती खेळण्यांच्या निवडीबद्दल. निवडतो डोळस माणूस, आणि तोही डोळ्यांनीच.

सावंतवाडीची लाकडी फळंच घ्या. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती, त्यामुळे ही खेळणी आपल्याला घरचीच वाटतात. परडीतला आंबा, पेरू, केळं बघून आपण खूश होतो, कारण ती ओळखण्याचं निम्मं काम रंग करतो. आता डोळे मिटा. सगळ्यांवर तोच गुळगुळीत रंग, आंब्याला ना वास ना चीक, आणि दाबला तर दबत नाही. हात त्याच्यावरून एकदा फिरला की काम संपलं. तिथल्याच भातुकलीतलं जातं मात्र वेगळं. खुंटा पकडायचा, मनगट फिरवायचं, दुसऱ्या हाताने खालची तळी धरून ठेवायची. खलबत्त्याचंही तसंच. गाव तेच, लाकूड तेच, पण परडी डोळ्यांसाठी आणि जातं हातांसाठी. तुमच्या प्रस्तावात 'पारंपरिक लाकडी खेळणी' एवढंच लिहिलंत तर हा फरक पुसला जातो.

दोन्ही हात एकत्र येणं हा मुद्दा का मोठा, ते सेल्मा फ्रायबर्गच्या १९७७ च्या 'इनसाइट्स फ्रॉम द ब्लाइंड' या पुस्तकातून कळतं. डोळस बाळ साधारण पाचव्या महिन्यात दिसलेल्या वस्तूकडे हात नेतं. जन्मांध बाळ नुसत्या आवाजाकडे हात नेतं ते पहिलं वर्ष संपत येताना. तोवर खुळखुळा वाजवला तरी 'आवाज आहे म्हणजे तिथे वस्तू आहे' हे त्याला उमगलेलं नसतं. म्हणजे सहा महिन्यांच्या बाळापुढे वाजणारं खेळणं धरायचं आणि 'प्रतिसाद नाही' असं नोंदवायचं, यात उणीव खेळण्याच्या अपेक्षेत आहे, बाळात नाही. फ्रायबर्गची बाळं जेमतेम दहा होती, पण तिने महिनोन्महिने त्यांच्या घरी जाऊन हात पाहिले. शंभर मुलांना एकदाच भेटून भरलेल्या प्रश्नावलीपेक्षा मला ते जास्त पटतं.

आता लेगोच्या ब्रेल विटा. २०२० पासून शाळांना मिळू लागल्या, कौतुकही खूप झालं. विटा जोडताना बोटांत जोर येतो, हे खरंच. पण 'यातून ब्रेल वाचन येतं' असं कुणी म्हटलं की थांबा. विटेवरच्या दोन खुंट्यांमध्ये ८ मिलिमीटर अंतर असतं, ब्रेलच्या दोन टिंबांमध्ये सुमारे अडीच. ब्रेलचं अख्खं अक्षर एका बोटाच्या टोकाखाली मावतं, विटेवर बोट फिरवावं लागतं. हालचालच वेगळी. एक गंमत सांगतो: भारती ब्रेलमध्ये 'क'ची टिंबं इंग्रजी 'के'चीच, १ आणि ३. म्हणजे वीट मराठीलाही चालेल, फक्त तिच्यावर छापलेलं रोमन अक्षर आईला वाचता यायला हवं.

मोजणी हा आणखी एक घोळ. डोळस मुलांच्या चाचणीत नऊ खुंट्या भोकांत बसवायला लागलेले सेकंद मोजतात. अंध मुलाचा निम्मा वेळ भोक शोधण्यात जातो, आणि तो आळस म्हणून गुणांतून कापला जातो. खरं तर बघण्यासारखं तेच! एक हात भोकाशी राहतो का, दुसरा खुंटी आणतो का, खुंटी पडली तर मूल ती शोधतं की सोडून देतं? व्हिडिओ घेऊन हे मोजता येतं. पूर्ण अंध आणि थोडं दिसणारी मुलं एका गटात टाकू नका, एवढं तर कळतंच.

नमुना कुठून आणायचा? मंडणगड तालुक्यात घराडीला अंध मुलांची निवासी शाळा आहे, सगळ्यांना तीच आठवते. पण मूल शाळेत येतं ते पाच-सहा वर्षांचं होऊन, आणि आपला प्रश्न त्याआधीचा आहे. तेव्हा वाडीवर, घरी, अंगणवाडीत जावं लागेल. तिथे महागडा संच नेण्याआधी एक परात मागा. काठ असल्यामुळे वस्तू घरंगळून नाहीशी होत नाही, आणि आपटली की वाजते. तीन वर्षांवरचं मूल असेल तर तिच्यात चिंचोके आणि सागरगोटे मिसळा (लहानांना नको, गिळतील). चपटा चिंचोका आणि गोल सागरगोटा वेगळे करताना कोणता हात काय करतो, ते लिहून काढा.