गळती

आमच्या वयाच्या वाचकांसमोर डान्स बारवरचे पुस्तक घेऊन यावे की नाही, याचा आम्ही दोन आठवडे विचार केला. आमची नात सुट्टीत मुंबई आणि कोकण पाहून आली. तिने येताना सोनिया फालेरो यांचे ‘ब्यूटिफुल थिंग’ हे इंग्रजी पुस्तक आणले आणि म्हणाली, “साबा, हे तुमच्या पनवेलबद्दल आहे.” ते पनवेलबद्दल नाही, मीरा रोडबद्दल आहे, पनवेलचा संबंध पुढे येईल. पहिली चार पाने वाचून आम्ही ते मिटून ठेवले, कारण त्यातली बोली फारच शिवराळ. रात्री झोप लागेना म्हणून पुन्हा उघडले आणि पहाटेपर्यंत खाली ठेवले नाही.

पुस्तक २०१० साली निघाले. फालेरो या पत्रकार. २००५ साली त्यांची ओळख मीरा रोडच्या ‘नाइट लव्हर्स’ या बारमध्ये नाचणाऱ्या १९ वर्षांच्या मुलीशी झाली. पुस्तकात तिचे नाव लीला. ती मेरठची, तेराव्या वर्षी घरातून पळालेली. आणि पळण्याचे कारण वाचताना आम्हाला पुस्तक मांडीवर ठेवून थोडा वेळ भिंतीकडे पाहावे लागले. तिचा मालक, तिची मैत्रीण प्रिया, मुलीच्या कमाईवर येऊन बसलेली आई, ही सगळी माणसे फालेरो यांनी जवळून पाहिली आहेत. त्यांना लीलाची कीव येत नाही. हा या पुस्तकाचा पहिला गुण.

आपल्यापैकी जे साठ-सत्तरच्या दशकांत आलिया करून आले, त्यांनी डान्स बार पाहिलेच नाहीत. आपण निघालो त्या मुंबईत दारूसाठी परमिट लागे. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकांत हे बार फोफावले. घागरा-चोळी किंवा साडी नेसलेल्या मुली हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर नाचत आणि गिऱ्हाइके त्यांच्यावर नोटा उधळत. परदेशातल्या क्लबांत कपडे उतरवून नाचतात तो प्रकार इथे नव्हता. पण धंद्याची घडण मात्र तीच, आणि आमचा खरा विषय ती घडण आहे.

आम्ही पनवेलला शिकलो, लोदला येऊन पस्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले. शिक्षकाला एक शब्द आयुष्यभर छळतो: गळती. वर्षाच्या सुरुवातीला पटावर चाळीस नावे, शेवटी एकतीस. बारमधल्या मुलींचे असेच होते. आज दहा मुली नाचतात, सहा महिन्यांनी त्यातल्या तीन असतात आणि सात नव्या. बाकीच्या दुसऱ्या बारमध्ये गेल्या, गावी गेल्या, कोणाच्या घरी बसल्या, आजारी पडल्या. एरवी आपण असे वाचले की म्हणतो, या मुलींना एका जागी टिकण्याची सवयच नाही. फालेरो यांचे पुस्तक लक्ष देऊन वाचले तर असे म्हणवत नाही.

मुलीची कमाई मालकाच्या पगारातून येत नाही. ती गिऱ्हाइकाच्या हातच्या नोटांतून येते, आणि त्या नोटांत मालकाचा वाटा असतो. कुठे निम्मा, कुठे चाळीस टक्के, बारबारला वेगळा. मुलगी सोडून गेली तर मालकाचे काय जाते? तिला शिकवायला त्याने काही घातलेले नाही, तिची रजा नाही, तिचा फंड नाही. उलट नवा चेहरा आला की जुनी गिऱ्हाइके चार दिवस जास्त बसतात. म्हणजे गळती हे या धंद्याचे नुकसान नाही, नफा आहे. हे आम्हाला लीलाची चार वाक्ये वाचून कळले. एरवी अर्थशास्त्राच्या पुस्तकातूनही कळले नसते.

अमेरिकेत तर याच्याही पुढची पायरी आहे. तिथल्या पुष्कळ क्लबांत नाचणारी मुलगीच मालकाला रोजचे भाडे देते आणि कागदोपत्री ती नोकर नसून ‘स्वतंत्र व्यावसायिक’ असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लस्टी लेडी’ या ठिकाणी मात्र तासावर पगार मिळे. तिथल्या मुलींनी १९९७ साली युनियन केली आणि २००३ साली ते ठिकाणच विकत घेऊन सहकारी तत्त्वावर चालवले. २०१३ साली ते बंद पडले. पगार होता म्हणून त्या भांडायला थांबल्या, असे आम्हाला वाटते. ज्याला पगार नाही तो भांडत नाही, निघून जातो.

याच्या शेजारी भूषण कोरगावकर यांचे ‘संगीत बारी’ (राजहंस, २०१४) ठेवून पाहावे. तेही नाचणाऱ्या बायकांचेच पुस्तक, आणि सुंदर मराठीत. लावणीच्या थिएटरांतही मालकाचा वाटा असतो, तिथेही गिऱ्हाइकाच्या मर्जीवर चूल पेटते. पण तिथे बाई एकटी नसते. पार्टी असते, पार्टीची मालकीण असते, ती बहुधा मावशी किंवा थोरली बहीण; पेटीवाला आणि ढोलकीवाला बरोबर असतात. थिएटर बदलले तरी सगळा संसार ट्रंकेसह बरोबर हलतो. म्हातारपणी पाय थकले तर ती नव्या मुलींना अदा शिकवते. तिथे शोषण नाही असे कोणी समजू नये, फार आहे. पण शिकण्यासारखी विद्या आहे, म्हणून विद्या असलेल्या बाईला किंमत आहे. बारमध्ये विद्या लागत नाही, म्हणून पंचविशीत बाई जुनी होते. याच लावणीवाल्या घरांतल्या काही मुली पैशासाठी मुंबईच्या बारमध्ये गेल्या, ही त्यातली कडू गोष्ट.

आता पनवेल. ज्या पनवेलमध्ये १८४९ साली आपले बेथ एल उभे राहिले, त्याच पनवेलच्या हमरस्त्यावर पुढे बारच्या पाट्या लागल्या. आम्ही २००३ साली गेलो तेव्हा रिक्षातून त्या पाहिल्या आणि मान फिरवली. मार्च २००५ मध्ये पनवेलच्या आमदारांनी विधानसभेत हा प्रश्न काढला, त्यावर गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी बंदीची घोषणा केली आणि ऑगस्टमध्ये ती अमलात आली. इकडे आमच्या सिनेगॉगच्या किद्दुशला ती बातमी आम्हीच मोठ्या आवाजात सांगितली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मुली दुसऱ्या दिवशी कुठे गेल्या, हे कोणी विचारले नाही. आम्हीही नाही, आणि आम्ही तर शिक्षक.

मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी २००६ साली रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. न्यायाधीशांनी म्हटले, बंदीमुळे पुष्कळ बायका वेश्याव्यवसायाकडे ढकलल्या गेल्या. आणि तीन किंवा त्याहून जास्त तारांच्या हॉटेलांत तोच नाच चालू ठेवायला मुभा होती, हेही त्यांनी धरले. बंदीने काम गेलेल्या मुलींचा आकडा तेव्हा ७५,००० सांगितला जाई. तो खरा की फुगवलेला यावर भांडणे झाली. पण मोजणार कसे? हजेरीपट कुठे होता? मुलगी बार बदलताना नावही बदलते. नाव बदलण्याचे आपल्याला नवल वाटू नये. आपल्याच समाजातली सुसान सॉलोमन पडद्यावर फिरोझा बेगम झाली होती.

‘चांदनी बार’ (२००१) हा चित्रपट काहींनी पाहिला असेल. तब्बूचे काम उत्तम. पण त्यात मुमताज लग्नानंतर, नवरा मेल्यावर, त्याच बारमध्ये परत येते आणि तो बार जणू तिची वाट पाहत थांबलेला असतो. सगळे दोष नशिबाच्या आणि गुंडांच्या माथी. हिशेबाची वही चित्रपट उघडत नाही.

फालेरो यांच्यावरही आमची एक तक्रार आहे. त्यांना लीला इतकी आवडली की तिच्या मागेपुढे नाचणाऱ्या बाकीच्या मुली दारातून येतात आणि दारातून जातात. लीला बोलकी, विनोदी, स्वतःच्या पायरीचा अभिमान असलेली. नाच न करता गिऱ्हाइकांजवळ बसणाऱ्या बायकांना ती खालची समजते. अशी मुलगी लेखिकेला मिळणे हे भाग्य. पण गप्प राहणारी मुलगी पुस्तकात येत नाही, आणि गळते ती बहुधा गप्प राहणारीच. आमच्या वर्गातही मागच्या बाकावरची एक मुलगी, नुकतीच आलेली, एका पेसाहनंतर परत आली नाही. आम्ही वर्गाच्या वहीत तिच्या नावावर रेघ मारली आणि पुढचे नाव पुकारले. चेहरा आठवतो, नाव नाही.

दुसरी तक्रार किरकोळ. लीलाची हिंदी इंग्रजीत आणताना काही ठिकाणी ती सिनेमातल्यासारखी बोलते. तरी कान शाबूत आहे, हे मान्य.

इथेही २०२० साली वेश्यागमन करणाऱ्याला दंड करणारा कायदा लागू झाला, आणि त्याच्या आदल्या वर्षी सरकारी वकिलांनी क्लबांतल्या काही नाचांना वेश्याव्यवसायातच धरले. तेव्हाही आम्ही बरे झाले म्हणालो होतो. कायदा चांगला की वाईट हा या लेखाचा विषय नाही. पण या खेपेला, क्लबच्या दाराला कुलूप लागल्यावर आतल्या मुलींचे काय झाले, एवढे आम्ही नातीकडून वर्तमानपत्रांत शोधून घेतले. बातम्या कुलपाच्या होत्या.

पुस्तकाच्या शेवटी बंदी आलेली असते आणि लीला दुबईला निघते, तिथे नाचायला. पुढचे पान कोरे आहे. आमच्याजवळची प्रत नातीने पुरिमपर्यंत आमच्याकडे ठेवली आहे. ज्यांना वाचायची असेल त्यांनी शब्बाथनंतर मागून न्यावी. अक्षर बारीक आहे, भिंग जवळ ठेवावे.