दिव्याखाली लपलेले

आमच्या सोसायटीत माझी ख्याती ‘शांतपणे ऐकून घेणारा माणूस’ अशी आहे. पार्किंगवरून भांडण झालं की दोन्ही पक्ष माझ्याकडे येतात. मी मान डोलावतो, मध्येच ‘असं?’ म्हणतो, आणि दोघंही समाधानानं घरी जातात. ही ख्याती मी कशी मिळवली, ते पुढं ओघानं येईलच.

तर आमची भाची. ती व्हिडिओ गेम तयार करायचं शिकते. आमच्या वेळी खेळल्याबद्दल मार बसायचा, हल्ली पदवी मिळते. “मामा, तू नाटकांची परीक्षणं लिहायचास ना? मग माझ्या गेमचं कर,” असं म्हणून तिनं लॅपटॉप माझ्यापुढं ठेवला.

खेळ विनोदी, आणि जातीनं ‘स्टेल्थ’, म्हणजे कुणाच्या नजरेला न पडता कार्यभाग उरकण्याचा. एक गाजलेला नट टोपी, गॉगल आणि खोटी दाढी लावून मिसळ खायला निघतो. कुणी ओळखलं की खेळ खलास, पुन्हा घरापासून सुरुवात. फाटक ते पहिला दिव्याचा खांब एवढ्या अंतरात मी अकरा वेळा ओळखला गेलो. उभ्या आयुष्यात मला इतकं कुणी ओळखलेलं नाही.

“छान आहे,” मी म्हणालो. नातेवाइकांच्या नाटकांसाठी हा शब्द मी राखून ठेवलेला असे. भाचीला ते ठाऊक होतं. तिनं मुकाट्यानं मला अभ्यासाला आणखी तीन खेळ दिले.

पहिला ‘ऑक्टोडॅड’. 2010 साली शिकागोतल्या डीपॉल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी तो केला आणि त्यांच्यातल्याच काहींनी ‘यंग हॉर्सेस’ नावाची कंपनी काढून 2014 मध्ये त्याचा पुढचा अवतार आणला. नायक चक्क ऑक्टोपस आहे. अंगात सूट, गळ्यात टाय, घरी माणसाची बायको आणि दोन मुलं. नवरा माणूस नाही हे कुणालाच माहीत नाही. (यात नवल ते काय, असं आमची ही म्हणाली.) त्याला कॉफी करायची असते, बाजारातून सामान आणायचं असतं, आणि हे सगळं बिनहाडाच्या अवयवांनी! एक पाय माउसच्या डाव्या बटणावर, दुसरा उजव्या बटणावर. कॉफीचा कप उचलायला जावं तर खुर्ची आडवी होते. लोक पाहत असले की पडद्यावरचा संशयाचा पट्टा चढू लागतो. नीट वागलं की हळूहळू उतरतो.

सगळी गंमत या पट्ट्यात आहे. गंभीर स्टेल्थ खेळात ‘दिसलास की मेलास’ असा रोकडा कायदा असतो. इथं दिसणं आणि पकडलं जाणं यांच्यामध्ये ऐसपैस ओसरी ठेवली आहे, आणि विनोद त्या ओसरीवर नांदतो. ऑक्टोपस काही लपत नाही. तो भर वस्तीत, भर उजेडात, ‘मी तुमच्यासारखाच’ असं दाखवत उभा असतो. बरं, सगळ्यांची नजरही सारखी नाही. साध्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत धूळ फेकता येते, सागरी जीवशास्त्राच्या पंडितांना मात्र लगेच वास येतो. उत्तरार्धात खेळ मत्स्यालयात शिरतो, लपाछपी वाढते, संसार मागं पडतो आणि तिथं मला तो थोडा पातळ वाटला. शेवटी गुपित बायकोमुलांसमोर फुटतं, आणि घर मोडत नाही. हा भाग मी दोनदा खेळलो. का, ते भाचीनं विचारलं. मी चष्मा पुसला.

दुसरा खेळ 2016 चा ‘हिटमॅन’, कोपनहेगनच्या ‘आयओ इंटरॅक्टिव्ह’चा. नायक भाडोत्री मारेकरी. टकलू, डोक्याच्या मागच्या बाजूला बारकोड. धंदा वाईट, पण खेळाला विनोदाचं वावडं नाही. पॅरिसमधल्या फॅशन शोमध्ये एक प्रसिद्ध मॉडेल असतो, तो थेट याच्यासारखा दिसतो. मारेकरी त्याला बेशुद्ध करतो, त्याचे कपडे चढवतो, चेहऱ्याला रंग लावून घेतो आणि झगमगाटात, शेकडो डोळ्यांसमोर चालत जातो. एरवी पावलोपावली अडवणारे पहारेकरी आता अदबीनं बाजूला होतात. सगळे त्याच्याकडेच बघताहेत, म्हणून तो कुणालाच दिसत नाही. प्रसिद्धीवर याहून कडू आणि याहून गमतीदार टिप्पणी मी रंगभूमीवर क्वचितच पाहिली.

तिसरा मेलबर्नच्या चौघांनी केलेला बदकाचा, 2019 चा ‘अनटायटल्ड गूज गेम’. बदक गावाला छळतं आणि गावकरी फार तर त्याला हाकलतात, पळवलेली वस्तू परत घेतात. शिक्षा एवढीच. विनोदात शिक्षा हलकी हवी, हे त्या बदकाला आमच्या अनेक नाटककारांपेक्षा जास्त कळतं.

मग मी परीक्षण सांगितलं. “तुझ्या नटाची टोपी काढ. दाढी काढ. लपलेल्या माणसाकडे लपवण्यासारखं काहीच नाही, फक्त चेहरा आहे. त्याला सत्काराच्या व्यासपीठावर चढव. पडद्यावर तो दहा गुंडांना लोळवतो आणि इथं त्याला गुडघेदुखीनं पाच पायऱ्या जड जाताहेत. ‘आई गं’ बाहेर पडायच्या आत ढोल वाजला पाहिजे. चाहता माफ करील, प्रतिस्पर्धी टपलेला असेल, आणि मेकअपवाल्याला—”

बोलता बोलता मी पुन्हा ऑक्टोपस चालवत होतो. ती डावीकडून काहीतरी म्हणाली. मी हसून मान डोलावली. “असं?” म्हणालो.

भाची उठली आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली.

“मामा, मी विचारलं, दुधाखालचा गॅस बंद केलास का?”

वास तेव्हा आला.

“किती वर्षं?” तिनं विचारलं.

“चार. डावाच.”

“मामीला माहीत आहे?”

“पट्टा अर्ध्यावर आहे.”

ती हसली नाही. मशीनबद्दलही काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी खेळाचा नवा नमुना घेऊन आली. नट आता सत्काराला येतो आणि त्याला एका कानानं ऐकू येत नाही. हेडफोनच्या डाव्या बाजूला नुसती शांतता. भाषणात कुठं हसायचं, कुठं गंभीर व्हायचं, ते इतरांचे चेहरे बघून ठरवायचं. चुकलं तर पट्टा चढतो. मी पहिल्याच फटक्यात शेवटापर्यंत पोचलो. भाची म्हणाली, इतक्या सफाईनं कुणीच खेळलं नव्हतं.

फक्त एक गोष्ट मला उमगली नाही. त्यात नटाची बायको आहे. ती कुठूनही आली, तरी वळसा घालून त्याच्या उजव्याच बाजूला बसते. तिच्या पट्ट्याचं चिन्हच पडद्यावर नाही.

“हे कुठून काढलंस?”

“तुमच्याकडेच. गेल्या दिवाळीत,” ती म्हणाली.

रात्री जेवायला बसलो. स्वयंपाकघराचं दार टेबलाच्या डावीकडे आहे. वाढायला सोयीचं म्हणून ही वर्षानुवर्षं तिथंच बसायची. आज ती उजवीकडे होती. आमटीचं पातेलं आणायला उठली, टेबलाला पूर्ण वळसा घालून गेली आणि तसाच वळसा घालून परत आली.

“भात वाढू?” तिनं विचारलं. आवाज अजिबात न चढवता.