मुशीच्या तोंडाएवढं चित्र

दिल्लीच्या करोल बागेतल्या आमच्या गलाईच्या दुकानात गल्ल्याशेजारी एक भिंग असतं. सांगली जिल्ह्यातली खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं गाळण्याच्या धंद्यापायी देशभर पांगली, त्यातलंच आमचं घर. दादा अंगठी उलटी धरतात, भिंग डोळ्याला लावतात आणि आतल्या बाजूचा ठसा वाचतात. बीआयएसचा त्रिकोण, बावीस कॅरटचं ९१६, शेजारी अक्षर-अंक मिळून सहा खुणांची ओळख. तिळाएवढ्या जागेत तीन गोष्टी, आणि एकही दुसरीच्या अंगावर जात नाही. मी चित्रं काढून पोट भरतो, तरी लहान जागेशी कसं वागावं ते मला या भिंगानंच दाखवलं.

परवा भाच्यानं फोन पुढे केला. ‘मामा, यातला कुठला गेम उघडावासा वाटतो?’ स्टीम नावाच्या ऑनलाइन दुकानातल्या रांगा होत्या त्या. एकेका गेमची आडवी, चिमुकली पाटी. हे लोक तिला कॅप्सूल म्हणतात. पडद्यावर ती कुठे मोठी दिसते, कुठे छोटी, आणि सगळ्यात छोटी असते १२० बाय ४५ पिक्सेलची. नखावर मावेल एवढी. भाचा गेमकडे बोट दाखवत होता आणि मी पाट्याच बघत बसलो. त्या बघण्याची गंमत तुम्हालाही चाखवावी, म्हणून हे लिहितोय.

डेन्मार्कच्या प्लेडेडचा ‘लिंबो’ घ्या, २०१० सालचा. राखाडी धुकं, त्यात काळ्या सावलीसारखा एक मुलगा आणि त्याचे दोन पांढरे डोळे. रंगपेटी बंद. पहिल्यांदा बघणारा म्हणतो, वा, डोळे! मी म्हणेन, आधी धुकं बघा. जंगल काळं, मुलगाही काळा. मध्ये ते धुकं नसतं तर दोघांचा मिळून एक डाग झाला असता. चित्रकारानं उजेड अंगावर टाकलेला नाही, पाठीमागे ठेवलाय, त्यामुळे पोराच्या विस्कटलेल्या केसांची कडसुद्धा सुटी वाचता येते. मग डोळे. पाटी लहान झाली की ते जेमतेम दोन उजळ कण उरतात. त्यांना बुबुळ नाही, भुवई नाही, भाव नाही. भीती आपण आपली घालायची. आणि खेळताना मुलगा मेला की हेच कण विझतात. पाटीवर डोळे पेटते ठेवून त्यांनी किती सांगितलंय, ते गेम एकदा हरल्यावरच कळतं. काय नेमका हात आहे!

टोबी फॉक्सचा ‘अंडरटेल’ (२०१५) तर याहून कंजूष. काळी पाटी, पांढरी ठोकळेबाज अक्षरं, आणि त्यातल्या रोमन ‘आर’च्या पोटात एक लाल बदाम. बस. पण तो बदाम शोभेचा नाही. लढाईच्या वेळी खेळणारा ज्याला बोटांनी इकडेतिकडे पळवतो, तोच हा. म्हणजे खेळणाऱ्याचा जीव त्यांनी गेमच्या नावातच बसवलाय, सोनार खडा कोंदणात बसवतो तसा. नाव वाचायला गेलेली नजर त्या लालवर अडकते.

रंगाचं याहून सुंदर काम ‘सेलेस्ट’मध्ये आहे (२०१८). मॅडेलिन नावाची मुलगी डोंगर चढते. तिचे लालभडक केस मागे उडत असतात. गेममध्ये ही लाली म्हणजे शिलकीची खूण आहे. हवेत एक झेप घ्यायची मुभा असते, ती वापरली की केस निळे होतात, पाय जमिनीला लागले की पुन्हा लाल. पाटीवर केस लाल आहेत, म्हणजे झेप अजून शिल्लक आहे! न खेळलेल्या माणसाला तिथे फक्त गार निळाईवर एक ऊबदार फटकारा दिसतो, आणि रांगेत नजर थांबायला तेवढा पुरतो. खेळलेल्याला मात्र बोटात शिवशिव जाणवते. एकाच फटकाऱ्यात दोघांची सोय करणं मला अजून जमलेलं नाही.

हे सगळं नवं आहे असं वाटत असेल तर सावंतवाडीचा गंजिफा, म्हणजे रंगवलेल्या पत्त्यांचा जोड, हातात घ्या. दशावतारी गंजिफ्यात १२० पानं, दहा अवतारांची बारा-बारा, सगळी गोल. खेळताना पानं पंख्यासारखी धरली की प्रत्येकाची चंद्रकोरीएवढी कड दिसते. म्हणून चितारी दर अवताराच्या पानांची जमीन वेगळ्या रंगाची करतो. आधी रंग ओळखायचा, मग मासा की कासव की परशू ते बघायचं. राजाच्या पानावर त्यानं हौसेनं नक्षी केलीय. एक्क्या-दुर्रीवर मात्र हात आवरलाय, कारण तिथे मोजणी चुकता कामा नये. खेळाचं चित्र अर्धवटच दिसणार, हे धरून चालणारे हे कलाकार आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होते.

आणि याच मुलखात, पुण्यात, नॉडिंग हेड्स गेम्सनं ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ घडवला, २०२० साली. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, हाती दुर्गेचा त्रिशूळ. खेळाच्या आत पहाडी चित्रशैलीची छाया आहे, कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या आहेत; हे सारं पाटीत कोंबायचा मोह केवढा झाला असेल! पण ओळख दिलीय ती त्रिशूळवाल्या मुलीची. तलवार बारीक केली की काडी होते. त्रिशूळ कितीही बारीक करा, तीन टोकं तीनच राहतात. परदेशी गिऱ्हाइकाला ते हत्यार दिसतं, आपल्याला देवी दिसते.

फसलेल्या पाट्यांबद्दल फार लिहीत नाही. पाच नायक, मागे स्फोट, वर चकचकीत पितळी अक्षरं. लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरा शोधावा तशी गत. पूर्वी त्यावर बक्षिसांच्या पानमाळा आणि सवलतीचे आकडेही चिकटवत. १ सप्टेंबर २०२२ पासून स्टीमनं ते बंद केलं: पाटीवर चित्र, नाव आणि अधिकृत उपनाव, एवढंच. चित्रकारांवर मोठे उपकार झाले. आणखी एक बारकावा: स्टीमच्या पानाची पार्श्वभूमी गडद निळसर असते. काळोखी चित्राची कड तिच्यात बुडून जाते. म्हणून जाणता हात कडेला कुठेतरी उजेडाची फट ठेवतो. कॅनव्हास पांढरा असतो, दुकान मात्र पांढरं नसतं, हे फार थोड्यांच्या ध्यानात राहतं.

यात आपल्या लिपीचा एक पेच आहे. ४५ पिक्सेल उंचीत देवनागरी नाव बसवायचं तर वर वेलांटी-मात्रा, खाली उकार. अक्षराच्या अंगाला निम्मीच जागा उरते. पण शिरोरेषा सगळ्या शब्दाला एका दोरीत ओवते आणि त्याची एक अखंड आकृती होते. रोमन अक्षरं सुटी-सुटी उभी असतात, त्यांना हे सुख नाही. करोल बागेच्या रस्त्यांवरच्या सरकारी पाट्या हिंदी, इंग्रजी, पंजाबी, उर्दू अशा चार भाषांत, चार लिप्यांत असतात. लांबून डोळे बारीक करून बघा, देवनागरीची ओळ आधी पट्टी म्हणून उठते, मग वाचली जाते. एखाद्या मराठी गेमवाल्यानं ही रेघ पाटीभर ताणून दाखवावी, अशी माझी फार इच्छा आहे.

भाच्याला फोन परत दिला तेव्हा कळलं, तो स्वतःच गेम करतोय. गलाईचाच. सोनं गाळायचं, आच सांभाळायची. त्यानं केलेल्या पाटीत दुकान होतं, तराजू होता, भट्टी होती, गल्ल्यावर दादाही होते. १२० बाय ४५ वर आणली तर तपकिरी चिखल. दादांनी भिंग पुढे केलं, त्यातूनही चिखलच. मग आम्ही एकेक वस्तू पुसत गेलो. दादांना पुसताना पोरगा जरा थबकला. शेवटी उरलं मुशीचं तोंड: काळ्यावर नारिंगी कोर, आणि ओतताना सुटलेली सोन्याची एक धार. धार त्यानं थेट खालच्या कडेपर्यंत नेली, चौकटीबाहेर सांडावी तशी. ते मी सुचवलेलं नव्हतं.

दादांनी हात लांब करून फोन धरला, भिंगाशिवाय. ‘मूस आहे,’ म्हणाले. नाव मात्र अजून वाचता येत नाही.