हाफकिनच्या गोष्टीतले ससे

विज्ञानदिनाच्या भाषणांत, भित्तिपत्रकांत आणि मुलांसाठी लिहिलेल्या छोट्या चरित्रांत वाल्डेमार हाफकिन यांची गोष्ट हमखास भेटते. ती बहुधा अशी सांगितली जाते : १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान घातले, हाफकिन यांनी रात्रंदिवस खपून लस बनवली, १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली, ताप आला, अंग दुखले, पण ते जगले आणि लस सिद्ध झाली. गोष्ट खरी आहे, तारीखही बरोबर आहे. आमचा आक्षेप आहे तो शेवटच्या तीन शब्दांना.

त्या टोचणीतून नेमके काय कळले? मारलेल्या जंतूंची तेवढी मात्रा एका निरोगी माणसाचा जीव घेत नाही, एवढेच. हाफकिन यांना पुढे प्लेग झाला नाही हे खरे. पण त्या हिवाळ्यात लस न घेतलेल्या लाखो मुंबईकरांनाही तो झाला नव्हता. लस रोगापासून वाचवते की नाही, हा प्रश्न एका माणसाच्या धैर्याने सुटत नाही. त्याचे पहिले उत्तर आधीच, डिसेंबर १८९६ मध्ये, सशांनी दिले होते. गोष्टीतून मात्र नेमके ससेच गळतात.

ऑक्टोबर १८९६ मध्ये हाफकिन मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली, बाहेरचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. त्यांची कृती वर्गात सांगण्याजोगी आहे. चंबूत मांसाचा रस्सा घ्यायचा. कोणाच्या धर्माला धक्का नको म्हणून तो बोकडाच्या मांसाचा. वर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू तुपाच्या थेंबाला धरून वाढतात आणि चुनखडीच्या गुहेत छतापासून लोंबणाऱ्या सुळक्यांसारखे खाली लोंबू लागतात. चंबू हलवला की सुळके तुटून तळाशी बसतात, वर नवे पीक येते. काही आठवड्यांनी सगळे तापवून जंतू मारायचे. उरते ती लस. ही लस त्यांनी सशांना टोचली, आणि मग त्यांना व न टोचलेल्या सशांना जिवंत, जहाल जंतू दिले. टोचलेले तगले, न टोचलेले दगावले. या प्रयोगाचा प्राण न टोचलेल्या सशांत आहे. ते शेजारी नसते तर टोचलेल्या सशांच्या जगण्याला काहीच अर्थ उरला नसता. जंतूच दुबळे होते, असेही कोणी म्हणू शकले असते.

येथे थांबून 'पाहा, सशांवर सिद्ध झाले' असे म्हटले तर आपण एका चुकीतून निघून दुसरीत पडू. त्याच वर्षीची, त्याच मुंबईतली दुसरी गोष्ट त्यासाठी सांगायला हवी. अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू शोधला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये काल्मेत व बोरेल यांच्यासह त्यांनी तापवून मारलेल्या जंतूंनी सशांना संरक्षण मिळते हे दाखवले. (म्हणजे हाफकिन यांचे ससे या वाटेवरचे पहिले नव्हेत.) प्रतिकारक्षम केलेल्या प्राण्याच्या रक्तातील सीरम झालेल्या रोगावरही चालते, असे प्रयोगशाळेतील प्राण्यांत दिसले. १८९६ मध्ये चीनमध्ये मोजक्या रुग्णांवर त्याला चांगले यश आल्याची बातमी पसरली. मोठ्या अपेक्षेने येर्सिन १८९७ च्या मार्चमध्ये मुंबईत आले, आणि सीरमने निराशा केली. सीरम पुरेसे जोमदार नव्हते, हे एक कारण सांगितले जाते. पण एक कारण प्रयोगाच्या रचनेतच आहे. प्राण्याला जंतू कोणत्या तासाला दिले हे प्रयोग करणाऱ्याला ठाऊक असते. रुग्ण येतो तो जांघेत गाठ आल्यावर, ताप चढल्यावर. प्राण्याने खोटी साक्ष दिली नाही. त्याला विचारलेला प्रश्न निराळा होता.

म्हणूनच हाफकिन यांच्या लसीची खरी परीक्षा सशांनंतर माणसांत झाली. भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना लस टोचली गेली. न टोचलेले कैदी त्याच भिंतींच्या आत, तेच अन्न खात होते. त्यांच्यात रोग व मृत्यू अधिक दिसले. कैद्याच्या 'स्वेच्छे'ला किती स्वेच्छा म्हणावे, हा प्रश्न वरच्या वर्गातील मुले विचारतातच, आणि तो टाळू नये. १८९८ मध्ये हुबळीत हजारोंनी लस घेतली. कोल्हापूर संस्थानातही प्लेग पुढे अनेक वर्षे येत राहिला. गाव सोडून माळावरच्या झोपड्यांत राहिल्याच्या आठवणी जुन्या घरांतून अजून सांगितल्या जातात. आमच्या भागातल्या मुलांना ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

ससा आणि माणूस यांत फरक आहे, हे वाक्य सगळेच म्हणतात. फरक कोठे आहे हे क्वचितच सांगतात. बेलाडोनाच्या पानांत ॲट्रोपिन असते. कित्येक सशांच्या शरीरात त्याचे विघटन करणारे विकर असते, म्हणून माणसाला विषारी ठरणारी ती पाने ते सुखाने खातात. उलट, पेनिसिलीनच्या कुळातील अमॉक्सिसिलीन आपण मुलांना तोंडाने देतो. तेच सशाला दिले तर आतड्यातील जंतूंचा समतोल बिघडून तो मरू शकतो. घरी ससा पाळणाऱ्यांनी तरी हे ध्यानात ठेवावे. आणि थॅलिडोमाइड? गरोदर स्त्रियांनी घेतलेल्या या औषधाने हजारो मुले व्यंग घेऊन जन्मली. १९६१ च्या अखेरीस ते जर्मनीच्या बाजारातून मागे घेतले गेले. उंदीर-घुशींच्या पिलांत ती व्यंगे सहज दिसत नव्हती. १९६२ मध्ये ती सशांच्या पिलांत दिसली. तेथे ससाच माणसाच्या जवळचा निघाला.

कधी हा फरकच कामी येतो. बुळकांडीचा विषाणू नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात एका सशातून दुसऱ्यात असा शेकडो वेळा नेला. तो सशाला सरावला आणि गुरांसाठी सौम्य झाला. त्याची लस आशियात वापरली गेली. भारतात बुळकांडी शेवटची १९९५ मध्ये दिसली, आणि २०११ मध्ये जग तिच्यातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. जिल्ह्यातील दूध उत्पादकांच्या नव्या पिढीला हा शब्द फक्त शिवीतून माहीत असावा.

वर्तमानपत्रात 'सशांवर प्रयोग यशस्वी' असा मथळा येतो तेव्हा तो फळ्यावर लिहून मुलांना विचारावे : औषध न दिलेले ससे किती होते? औषध रोगाआधी दिले की नंतर? त्या रोगात ससा माणसासारखा वागतो का? बहुतेक बातम्यांत यातले एकही उत्तर सापडत नाही. यात बातमीदाराइतकाच दोष पत्रक काढणाऱ्या आम्हा संशोधकांचाही असतो.

हाफकिनची गोष्ट सांगताना आमची सूचना एवढीच, की ती १० जानेवारीला सुरू करू नये व तेथे संपवूही नये. सुरुवात व्हरांड्यातल्या चंबूपासून करावी. आणि शेवटी पंजाबातले मलकोवाल यावे. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये तेथे एकाच बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने मेले. हाफकिन यांच्यावर ठपका आला, त्यांना दूर करण्यात आले. दोष प्रयोगशाळेचा नसून बाटली गावात उघडताना झालेल्या हेळसांडीचा असावा, हे मान्य होऊन ते निर्दोष ठरेपर्यंत १९०७ उजाडले. परळच्या ज्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख होते तिला १९२५ मध्ये त्यांचे नाव मिळाले.