मायक्रो एलईडी आणि काळ्याजवळच्या छटा

मायक्रो एलईडी पडद्यांबद्दल आजवर जे बोललं गेलं ते मुख्यतः त्यांच्या झगमगाटाबद्दल. २०१२ साली लास वेगासच्या सीईएस प्रदर्शनात सोनीने ५५ इंची पडदा मांडला. त्यात सुमारे ६० लाख सूक्ष्म एलईडी होते. २०१८ मध्ये सॅमसंगची १४६ इंची ‘द वॉल’ त्याच प्रदर्शनात आली. प्रत्येक नव्या नमुन्याबरोबर आधी विचारलं जातं ते तेज किती निट. मला हा निकषच अपुरा वाटतो. गॅलियम नायट्राइडचा दिवा लखलखीत पेटणारच. त्याला अगदी मंद पेटवायचं, आणि तेही शेजारच्या लाखो दिव्यांइतकंच मंद, यात या तंत्राचा खरा कस आहे. तिथे ते अजून कच्चं आहे.

अडचणीचं मूळ दिव्यातच आहे. चिप कापताना तिच्या कडांवर स्फटिकाची रचना बिघडते. तिथे इलेक्ट्रॉन आणि होल एकत्र येतात, पण प्रकाश न देता ऊर्जा उष्णतेत घालवतात. चिप जितकी लहान, तितका या कडांचा वाटा मोठा. प्रवाह भरपूर असेल तेव्हा ही गळती फारशी जाणवत नाही. तो कमी केला की तीच वरचढ होते आणि कार्यक्षमता कोसळते. प्रत्येक चिपमध्ये ती सारख्या प्रमाणात कोसळत नाही, हे त्याहून वाईट. रंगही ढळतो. हिरव्या दिव्यातला प्रवाह घटवला की त्याची तरंगलांबी लांब बाजूला सरकते, म्हणजे तेज कमी करायला जावं तर हिरव्याची छटाच बदलते. ओएलईडीत रुळलेलं प्रवाह-नियंत्रण इथे जसंच्या तसं चालत नाही ते यामुळे.

म्हणून पल्स-विड्थ मॉड्युलेशनचा मार्ग पुढे आला. प्रवाह दिव्याला मानवेल तेवढा ठेवायचा आणि फक्त पेटण्याचा वेळ कमीजास्त करायचा. कल्पना सुंदर आहे. पण हिशेब मांडला की धडकी भरते. सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. त्याचे २५५ सारखे भाग केले तर एक भाग ६५ मायक्रोसेकंदांचा होतो, आणि तेवढा सहज जमतो. मात्र डोळा अंधारातले बारीक फरक टिपतो, त्यामुळे छटांची वाटणी सारखी नसते. २.२ गॅमाच्या वक्रानुसार काळ्यानंतरची पहिली छटा पूर्ण तेजाच्या सुमारे २ लाखांत एक भाग असते. तिच्यासाठी दिवा जेमतेम ८५ नॅनोसेकंद पेटायला हवा. मोठ्या भिंतीच्या पडद्यांत ३२ ओळी आळीपाळीने पेटवल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला अडीच नॅनोसेकंदांच्या आसपास वेळ येतो. एवढ्या वेळात प्रवाह धड वर चढतही नाही. काचेवरच्या पातळ ट्रान्झिस्टरांकडून ही अपेक्षाच चुकीची. सिलिकॉनवरचे चिमुकले पडदे या बाबतीत बरेच पुढे आहेत.

मग पळवाटा निघतात. पहिली छटा दर फ्रेमला न दाखवता काही फ्रेममध्येच दाखवायची, किंवा पल्सचे तुकडे करून विखरायचे. यांना कमी लेखू नये, पण प्लाझ्मा पडद्यांचा इतिहास विसरूनही चालणार नाही. तिथेही फ्रेमचे तुकडे पाडूनच छटा घडवल्या जात, आणि हलत्या चेहऱ्यांच्या गालांवर नसलेल्या रेषा उमटत.

माझ्या मते आशा आहे ती मिश्र पद्धतीत: वरच्या छटा वेळेने घडवायच्या आणि तळाच्या मोजक्या छटांसाठी प्रवाहही एक-दोन पायऱ्या उतरवायचा. प्रवाह उतरला की चिपागणिक फरक पुन्हा डोकं वर काढतो हे खरं, पण तो मोजक्याच छटांपुरता राहतो आणि दुरुस्तीच्या आवाक्यात येतो. कठीण आहे तो सांधा. एका पद्धतीतून दुसरीत जाताना तेजाची उडी दिसली, तर संध्याकाळच्या आकाशात पट्टा उमटतो.

चिपागणिक फरकाच्या दुरुस्तीला ‘डीम्युरा’ म्हणतात. कॅमेऱ्याने प्रत्येक दिव्याचं तेज मोजायचं आणि भरपाईचा तक्ता पडद्यात साठवायचा. ४के पडद्यात असे सुमारे अडीच कोटी दिवे असतात. ही मोजणी उजळ किंवा मधल्या छटेवरच उरकणं सोयीचं असतं, कारण अंधारात कॅमेऱ्याला एक्सपोजर लांबवावं लागतं आणि कारखान्यात तेवढा वेळ महाग पडतो. पण एका पातळीवरचा तक्ता तळाशी लागू होत नाही. तिथे प्रत्येक चिपचा वक्र वेगळा असतो. शिवाय तापमान आहे. अॅल्युमिनियम-इंडियम-गॅलियम फॉस्फाइडचा लाल दिवा गरम झाला की निळ्या-हिरव्यापेक्षा खूप जास्त मंदावतो, आणि थंड पडद्यावर जुळवलेला पांढरा रंग तासाभराने निळसर होऊ शकतो. त्यामुळे सर्वोच्च निटच्या शेजारी आणखी दोन आकडे छापले जावेत, असं मला मनापासून वाटतं: पहिल्या दहा छटांवर दिव्या-दिव्यांतला फरक किती, आणि पडदा तापल्यावर तो किती.