तेरा कंदील आणि खालचा अंधार

फ्लोरिडात डिस्नेच्या मॅजिक किंगडम या करमणूक-उद्यानात 'लिबर्टी स्क्वेअर' नावाचा विभाग आहे. १९७१ साली तो उघडला. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातील अमेरिका तेथे उभी केली आहे. चौकातील ओक वृक्षावर तेरा कंदील टांगलेले आहेत. मूळच्या तेरा वसाहतींचे ते प्रतीक. पाहणारा भारावतो. पण १७७६ साली या तेराही वसाहतींत माणसाला गुलाम म्हणून बाळगणे कायदेशीर होते, हे यातला कोणता कंदील सांगतो?

तेथेच राष्ट्राध्यक्षांचे दालन आहे. यंत्राचे पुतळे मान हलवतात, बोलतात. त्यांत वॉशिंग्टन आहेत. त्यांच्या माउंट व्हर्नन इस्टेटीवर १७९९ साली असलेले ३१७ गुलाम मात्र नाहीत. १९९३ साली इतिहासकार एरिक फोनर यांच्या हातून संहिता बदलली, गुलामगिरीचा विषय आला, निवेदनाला माया अँजेलो यांचा आवाज लाभला. ही सुधारणा नाकारण्याचे कारण नाही. परंतु रंगमंच अध्यक्षांचाच राहिला. गुलामगिरी हा धन्यापुढचा पेच ठरला; गुलामाचे जगणे तेथे आलेच नाही.

आपण हे का विचारावे? जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अर्पण केला, तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या माणसांना. स्वातंत्र्याच्या कंदिलांना नव्हे. त्या नात्याने आपला पहिला प्रश्न हाच: या कंदिलांत तेल कोणी घातले?